अण्णांची बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला टॉर्च म्हणत नाहीत, बॅटरी म्हणतात. आणि आतल्या बॅटरीला सेल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुण्यात आलो त्या पहिल्या वर्षी एका दुकानात "बॅटरी द्या" म्हटल्यावर दुकानदाराने "कोणत्या गाडीची?" असं विचारलं होतं. पुस्तकातला शब्द विजेरी. तो शाळेच्या धड्याबाहेर मी कुणाच्याच तोंडून ऐकलेला नाही.

तर गेल्या दोन वर्षांत मी अण्णांसाठी तीन बॅटऱ्या घेतल्या. पहिल्या दोन चुकल्या. तिसरी बरी निघाली असं वाटतंय. एवढ्याशा वस्तूवर एवढं काय लिहायचं, असं आमच्या घरातले म्हणतीलच. पण पहिल्या दोन चुका माझ्या होत्या आणि त्या निस्तरल्या अण्णांनी आणि आईने, म्हणून लिहितो.

आमचं घर पालममध्ये आणि शेत लेंडी नदीच्या पलीकडे. घरापासून अंतर दीड किलोमीटर असेल. रब्बीत हरभरा आणि थोडा गहू. ज्यांचं शेतीशी नातं सुटलं आहे त्यांच्यासाठी सांगतो, मोटारीला लागणारी थ्री-फेज लाईट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आमच्या वाट्याला मात्र अजून पाळीच आहे. म्हणजे थंडी ऐन भरात असताना, परभणीचा पारा किती उतरला ते पेपरात पहिल्या पानावर छापून येतं त्या दिवसांत, एकाहत्तर वर्षांचा माणूस रात्री अकराला मफलर गुंडाळून निघतो आणि पहाटे परत येतो. गव्हाला दारं धरायची, हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे. "आता सोडा अण्णा, बटईने द्या" हे मी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. त्यावर ते काही बोलत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात.

त्यांची जुनी बॅटरी पितळी, तीन मोठ्या सेलची. माझ्या जन्माच्या आधीची. पोरं म्हणून आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे अर्थातच आम्ही ती रोज उघडायचो. मागच्या झाकणात स्प्रिंगच्या आत एक जास्तीचा बल्ब ठेवलेला असायचा, ते आम्हाला फार मोठं गुपित वाटायचं. डोकं फिरवलं की उजेडाचा गोळा लहान-मोठा व्हायचा. सेल उतरले की उजेड आधी पिवळा, मग तांबडा व्हायचा. मग तळहातावर दोन थापा मारायच्या की ती आणखी दहा मिनिटं चालायची.

आणि तिला दोन बटणं होती. एक पुढे सरकवायचं, म्हणजे ती चालू राहते. दुसरं त्याच्यावरच, छोटं लाल. ते दाबलं तेवढाच वेळ उजेड, सोडलं की बंद. हे लाल बटण ध्यानात ठेवा, त्याच्यावरच पुढची सगळी गोष्ट आहे.

नदीपलीकडे आमच्या शिवारात मोबाइलला धड रेंज नाही. आणि पाण्यात काम करायचं म्हणून अण्णा फोन घरीच ठेवून जातात. मग आई आणि अण्णा यांचं जुनं ठरलेलं आहे. शेतात पोचून मोटार चालू झाली की अण्णा घराच्या दिशेने दोनदा उजेड मारतात. निघताना तीनदा. आई माळवदावर उभी राहून बघते. दोन दिसले की खाली येऊन आडवी होते. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, पण घरातल्या देवाजवळच्या दिव्यासारखं. रोज असतो म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या पितळी बॅटरीचा बल्ब गेला. झाकणातला जास्तीचा कधीच वापरून झाला होता. पालमच्या दुकानांत तसला बल्ब मिळेना. गंगाखेडलाही नाही. अण्णांनी फोनवर सहज सांगितलं आणि मी तितक्याच सहज म्हटलं, "थांबा, मी पाठवतो."

ऑफिसात बसल्या-बसल्या ऑनलाइन मागवली. निवड कशी केली? आकडा बघून. एकीवर काही हजार लुमेन लिहिलेलं होतं, दुसरीवर त्याच्या दुप्पट. दुप्पटवाली घेतली. आतल्या सेलवर ९९०० एमएएच छापलं होतं. मला वाटलं, वा, रात्रच्या रात्र चालेल.

संक्रांतीला घरी गेलो. रात्री जेवणं झाल्यावर आई भांडी विसळता-विसळता म्हणाली, "तुझी ती बॅटरी बंद पडली बघ मागल्या आठवड्यात. रातभर उभे राहिले स्टार्टरपाशी. मला म्हणले, पोराला सांगू नको."

हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्री दोनच्या सुमाराला अण्णा हरभऱ्याच्या मधोमध पाइप हातात घेऊन उभे होते आणि उजेड गेला. जुनीसारखा पिवळा होत गेला नाही, थापा मारून परत आला नाही. आहे, आणि नाही. अमावास्या जवळ आली होती, चंद्राचा पत्ता नाही. वावरात एकच उजेड, तो म्हणजे लांबवर स्टार्टरच्या पेटीवरचा तांबडा ठिपका. अण्णा त्या ठिपक्याकडे बघत, पायाने चाचपत तिथपर्यंत गेले आणि उजाडेपर्यंत तिथेच उभे राहिले. बसलेसुद्धा नाहीत. कामून, तर आदल्या आठवड्यात तिथेच घोणस निघाली होती.

इकडे आई माळवदावर. दोन उजेड दिसले होते, तीन काही दिसेनात. पाचला तिने चुलत्यांना उठवलं. ते चप्पल घालून निघत होते तेवढ्यात अण्णा दारात.

मी अण्णांना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं त्यात? बंद पडली. यंत्र आहे, पडतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. साप चावून भारतात किती माणसं जातात याचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला होता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक सगळे खेड्यातले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. हे आकडे मी पूर्वी वाचले होते आणि वाईट वाटून पुढे गेलो होतो. आता तो अठ्ठावन्न हजारांचा आकडा एका तांबड्या ठिपक्याशेजारी उभा होता, मफलर गुंडाळून.

पुण्याला परतल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो. (बायको म्हणाली, अपराधी वाटलं की तू अभ्यास करतोस. खरं आहे.) जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे लुमेन. बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं हे माप. पण तो उजेड पसरून पडतो की एका रेषेत लांब जातो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कँडेला हे वेगळं माप आहे. शिवाय डोळ्याचा हिशोब निराळा. लुमेन दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट दिसत नाही, जेमतेम थोडा जास्त वाटतो. आणि दुप्पट लांब दिसायला हवं असेल तर कँडेला चौपट लागतात. पायाखालची वाट बघायला शंभर लुमेन पुष्कळ झाले. दोन-तीनशे असले तर चैन.

दुसरं, किती वेळ चालते. चांगल्या कंपन्या एफएल-१ नावाच्या प्रमाणानुसार आकडे देतात. हे अमेरिकेत २००९ साली ठरलं. त्यात चालण्याचा वेळ म्हणजे उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे डब्यावर "आठ तास" लिहिलेलं असेल तर त्यातले शेवटचे काही तास मिणमिणतेही असू शकतात. आणि उजेड किती लांब जातो तो आकडा म्हणजे जिथे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो तिथपर्यंतचं अंतर. काम करायचं असेल तर तो आकडा निम्म्याहून कमी धरावा.

तिसरं, सेल. मी घेतलेल्या बॅटरीत जो जाडसर लिथियमचा सेल होता त्याचं नाव १८६५०. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून. या मापाच्या सेलमध्ये जगातल्या उत्तमातल्या उत्तम कारखान्यालाही साडेतीन हजार एमएएचच्या फार पुढे जाता आलेलं नाही. त्यामुळे ज्यावर ९९०० छापलंय तो सेल छापखान्यातच तेवढा भरलेला असतो. :) आणि लिथियमचा सेल अगदी उतरला की खराब होऊ नये म्हणून त्यातलं संरक्षणाचं सर्किट वीज एकदम तोडून टाकतं. अण्णांचा उजेड असा पटकन का गेला, ते तेव्हा कळलं.

मग मी दुसरी बॅटरी घेतली. नावाजलेली, साडेतीन हजारांची, करंगळीएवढ्या लांबीची. पाण्यात पडली तरी चालेल अशी, मोबाइलच्याच वायरने चार्ज होणारी. सगळे आकडे खरे. स्वतः नेऊन दिली, वापरायची कशी ते शिकवून आलो. एकदा दाबलं की चालू. धरून ठेवलं की उजेड कमी-जास्त. दोनदा पटपट दाबलं की सगळ्यात मोठा. तीनदा दाबलं की भराभर उघडझाप. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

त्याच आठवड्यात रात्रीची पाळी होती. अण्णा शेतात पोचले, मोटार चालू केली आणि सवयीने घराकडे उजेड मारायला गेले. दोनदा दाबलं तर मोठा उजेड लागला आणि तो विझेना. विझवायला आणखी दाबलं, तर ती लागली भराभर उघडझाप करायला. थंडीने बोटं आखडलेली. जितकं दाबावं तितकं ती नवीनच काहीतरी करायला लागली.

माळवदावर आईने काय पाहिलं असेल? नदीपलीकडे काळोखात एक पांढराफेक उजेड वेड्यासारखा फडफडतोय. जानेवारीतली ती रात्र तिच्या मनातून गेलेली नव्हतीच. या वेळी ती पाचपर्यंत थांबली नाही. चुलते, शेजारचा पोरगा, दोन मोटारसायकली, सगळे शेतात. अण्णा आपले शांतपणे गव्हात दारं धरत होते. त्यांनीच उलट विचारलं, "काय झालं? घरी कुणाला काही झालं का?"

ही गोष्ट आता घरात हसून सांगितली जाते. चुलते तर ती उघडझाप हाताने करून दाखवतात. पण आईने मला फोनवर सांगितली तेव्हा ती हसत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, तू लई चांगल्या वस्तू आणतोस. पण आमाला जी समजते ती आण."

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. दिवाळीला गेलो आणि अण्णांबरोबर रात्री शेतात गेलो. किती वर्षांनी, ते सांगायची लाज वाटते.

नदी ओलांडून वावरात शिरल्यावर मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्हाला बॅटरी कशी पाहिजे?" हा प्रश्न मी दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारत होतो. त्यांना उत्तर द्यायची सवय नव्हती. पण चालता-चालता एकेक निघत गेलं.

म्हणाले, एक तर ती अंधारात हाताला कळली पाहिजे. कुठलं तोंड, कुठलं बूड. गार बोटांनी दाबता आली पाहिजे.

दुसरं, पाइप उचलायला दोन्ही हात लागतात. तेव्हा बॅटरी काखेत धरावी लागते. जुनी जड होती पण काखेत बसायची. तुझी करंगळीएवढी निसटून पाण्यात पडायची. (मी डोक्याला बांधायची बॅटरी सुचवली. चुलत्यांच्या पोराकडे आहे, त्यांनी वापरून बघितली होती. सगळे किडे तोंडावर येतात म्हणाले. बरोबर आहे, सह्याद्रीत ट्रेकला मलाही तोच अनुभव आहे.)

तिसरं मला अजिबात अपेक्षित नव्हतं. म्हणाले, "ह्या पांढऱ्या उजेडात ढेकूळ आणि जनावर सारखंच दिसतं. जुनीच्या उजेडात दोन पावलांवरून कळायचं."

मला वाटलं, जुनं ते सोनं म्हणायची सवय. पण त्याला आधार आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते जमवलं आणि त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळसर पावडरचा थर देऊन पांढरा उजेड तयार होतो. स्वस्तातल्या एलईडीत निळा भाग जास्त आणि तांबडा फार कमी. तारेच्या बल्बचं उलट, त्यात तांबडं भरपूर. आता आमची काळी माती, वाळलेला पाला आणि त्यावर तपकिरी रंगाची, गडद ठिपक्यांची घोणस. तपकिरीतले फरक दिसायला उजेडातही तो तांबडा-पिवळा भाग हवा. एलईडीत तसा उजेडही मिळतो. डब्यावर रंगाचं तापमान केल्व्हिनमध्ये लिहिलेलं असतं. साडेसहा हजार म्हणजे निळसर पांढरा, चार-पाच हजार म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जवळचा. आणि सीआरआय म्हणून एक आकडा असतो, तो शंभराच्या जितका जवळ तितके रंग खरे. हा आकडा मी दोन्ही वेळा वाचला होता आणि सोडून दिला होता. फोटो काढणाऱ्यांसाठी असेल म्हणून.

चौथं, सेल पालममध्ये मिळाला पाहिजे. रात्री दहाला.

पाचवं त्यांनी सांगितलं नाही. आम्ही मोटारीपाशी पोचलो होतो. त्यांनी स्टार्टर दाबला, पाणी आलं, आणि घराकडे तोंड करून माझ्या मोबाइलचा उजेड हाताने दोनदा झाकला-उघडला. मग थोडा वेळ तिकडेच बघत राहिले. तिकडून काही उत्तर येत नाही, कधीच येत नसे. पण ते बघत राहिले.

तिसरी बॅटरी मी त्या रात्रीच्या हिशोबाने घेतली. दोन साध्या सेलची, भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो सेल. वीतभर लांब, काखेत बसेल अशी. उजेड दुपारच्या उन्हासारखा. ताकद दुसरीच्या निम्मीसुद्धा नाही आणि एका दमात चार तासांपेक्षा जास्त चालत नाही, पण खिशात दोन सेल जास्तीचे ठेवले की झालं. सेल पुन्हा चार्ज होणारे, सोबत चार्जर. ते उतरलेले असले तर स्टँडजवळच्या दुकानातले साधेही चालतात. फक्त ते साधे सेल महिनोन्महिने आत ठेवायचे नाहीत, पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. पाण्यासाठी आयपीएक्स-७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जात नाही. उजेड दोनच प्रकारचा, लहान आणि मोठा. तो डोकं फिरवून बदलतो, बटणाने नाही. उघडझाप अजिबात नाही.

आणि बटण बुडाला. अर्धं दाबलं की दाबलं तेवढाच वेळ उजेड. पूर्ण दाबलं तरच टिकतो. म्हणजे तेच जुनं लाल बटण. हे बटण असलेली शोधायला मला तीन आठवडे लागले.

तिच्यासोबत गमबूटही पाठवले, कारण खरं सांगायचं तर सापापासून बॅटरीपेक्षा बूट जास्त वाचवतात. आणि चुलत्यांच्या पोराला चार गोष्टी नीट समजावून आलो. चावल्यावर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, देवाच्या नावाने वेळ घालवायचा नाही, तडक सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर लस एकच आहे, त्यामुळे कोणता साप होता ते शोधत बसायची गरज नाही. त्यालाही हे माहीत होतं म्हणा, माझ्यापेक्षा जास्त.

त्याच कंपनीची एका सेलची छोटी माझ्या बॅगेत असते. लिफ्ट बंद पडली, गाडीखाली किल्ली पडली, रात्री पाणी प्यायला उठलो, की तीच. अण्णांचे पाच निकष लावून घेतली, आणि खरं तर कुणालाही तेवढेच पुरतात. कुठे वापरणार, हातात कशी बसते, सेल कुठला, रंग खरे दिसतात का, आणि अंधारात न बघता ती वापरता येते का. लुमेनचा आकडा शेवटी बघावा.

या रब्बीत पहिली रात्रीची पाळी आली तेव्हा मी आईला फोन लावून ठेवला होता. ती माळवदावर होती. थंडी आहे, वर नको थांबू, असं मी म्हणत होतो आणि ती ऐकत नव्हती. मधेच बोलायची थांबली. मी पण थांबलो.

मग म्हणाली, "दोन दिसले."

"बरं," मी म्हटलं.

"बरं मग, ठेवते. झोपते आता."